एडगर व्हॅन नाइज ॲलन

एडगर व्हॅन नाइज ॲलन (१९०० – १९६१) हे अमेरिकन वैद्य होते. हात आणि पाय यांच्या रक्तवाहिन्यांचे विकार हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. त्यांचे जवळजवळ सर्व वैद्यकीय आयुष्य मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये गेले. पंजाला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्यांची अवस्था केवळ हाताच्या बोटांनी आणि डोळ्यांनी पारखण्याची जी रीत त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली, ती 'ॲलन चाचणी' या नावाने जगभर ओळखली जाते. मनगटातील धमनीत सुई किंवा नळी घालण्यापूर्वी ही चाचणी करण्याचा प्रघात अनेक दशके होता आणि काही ठिकाणी तो अजूनही आहे. मात्र ॲलन यांनी ती या कामासाठी रचलेली नव्हती. तंबाखूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या एका धमनीरोगात पंजातील नेमकी कोणती धमनी बंद झाली आहे, हे शोधणे हा तिचा मूळ उद्देश होता. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे पोटात घेण्याचे औषध मानवी उपचारात आणण्याच्या कार्यातही ॲलन यांचा महत्त्वाचा वाटा होता. त्याबद्दल १९६० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

शिक्षण आणि मेयो क्लिनिकमधील प्रवेश

ॲलन यांचा जन्म १९०० साली अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात झाला. वैद्यकीय पदवीही त्यांनी नेब्रास्का विद्यापीठातून घेतली आणि पुढील प्रशिक्षणासाठी ते मेयो क्लिनिकमध्ये गेले. विल्यम आणि चार्ल्स या मेयो बंधूंनी नावारूपाला आणलेल्या या संस्थेत अनेक शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली काम करीत आणि प्रत्येक रुग्णाची नोंद काळजीपूर्वक जपून ठेवली जाई. दुर्मिळ रोगांचे रुग्ण दूरदूरहून तेथे येत. त्यामुळे इतरत्र एखाद्या वैद्याला आयुष्यभरात जेवढे रुग्ण पाहायला मिळत, तेवढे तेथे थोड्या वर्षांत पाहता येत.

त्या काळी मेयो क्लिनिकमध्ये जॉर्ज ब्राउन हे वैद्य हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या रोगांचा अभ्यास करीत होते. त्यांचे सहकारी शल्यचिकित्सक आल्फ्रेड ॲडसन हे आकुंचित धमन्या सैल पडाव्यात म्हणून अनुकंपी मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया करीत. ॲलन ब्राउन यांच्या हाताखाली तयार झाले. १९२८ मध्ये ब्राउन आणि ॲलन यांचा 'थ्रॉम्बोअँजायटिस ऑब्लिटरन्स' या रोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा रोग 'ब्युर्गर रोग' या नावाने अधिक परिचित आहे.

ब्युर्गर रोग आणि निदानाची अडचण

न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ ब्युर्गर यांनी १९०८ मध्ये कापून काढलेल्या ११ अवयवांची तपासणी करून या रोगाचे सविस्तर वर्णन केले होते. त्यापूर्वी १८७९ मध्ये फेलिक्स फोन विनिवार्टर यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली होती. हा रोग प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना होतो. हातापायांतील लहान आणि मध्यम आकाराच्या धमन्या व शिरा सुजतात, त्यांत गुठळ्या धरतात आणि रक्ताचा मार्ग बंद होतो. आरंभी बोटे गार पडतात, चालताना पोटरीत किंवा तळपायात कळा येतात. पुढे विश्रांतीच्या वेळीही वेदना थांबत नाहीत, बोटांच्या टोकांना जखमा होतात आणि शेवटी बोट किंवा पाय सडून कापावा लागतो. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच आजही या रोगावरचा मुख्य उपाय आहे. भारतात हा रोग बिडी ओढणाऱ्या कष्टकरी पुरुषांमध्ये विशेष आढळत आला आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या शल्यविभागांनाही असे रुग्ण परिचयाचे आहेत.

या रोगाचे निदान वेळेवर होणे महत्त्वाचे होते, कारण तंबाखू लवकर सुटली तर हातपाय वाचण्याची आशा असे. परंतु हाताच्या बाबतीत एक अडचण होती. वैद्य मनगटावर नाडी पाहतो, ती अंगठ्याच्या बाजूच्या रेडियल धमनीची असते. करंगळीच्या बाजूने दुसरी, अल्नर धमनी पंजात शिरते. ती थोडी खोलवर असल्याने तिचे ठोके बोटांना नेहमीच नीट लागत नाहीत. शिवाय धमनी मनगटाच्या पुढे, तळहातात बंद झालेली असेल, तर मनगटावरची नाडी व्यवस्थित लागूनही बोटांना रक्त पोचत नसे. क्षकिरणांना दिसणारे द्रव्य धमनीत सोडून तिचे चित्र घेण्याची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि ती रुग्णाला त्रासदायक होती. रुग्णाला इजा न करता, कोणत्याही उपकरणाशिवाय मनगटापुढील धमन्यांची स्थिती कशी ओळखावी, हा प्रश्न होता.

ॲलन चाचणी

पंजातील रक्तपुरवठ्याची रचना या चाचणीच्या मुळाशी आहे. रेडियल आणि अल्नर या दोन्ही धमन्या तळहातात एकमेकींना कमानीसारख्या जोडलेल्या असतात. अशा दोन कमानी असतात. वरच्या कमानीत मुख्यतः अल्नर धमनीचे रक्त येते आणि खोलवरच्या कमानीत मुख्यतः रेडियल धमनीचे. दोन विहिरींचे पाणी एकाच पाटाला मिळावे, तशी ही व्यवस्था आहे. एका बाजूचा प्रवाह अडला तरी दुसऱ्या बाजूने पंजा भिजत राहतो. मात्र सर्व माणसांत या कमानी पूर्ण नसतात. काहींच्या हातात त्या जन्मतःच तुटक असतात, तर काहींच्या हातात त्या रोगाने बंद पडतात.

ॲलन यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेल्या मूळ पद्धतीत दोन्ही हात एकाच वेळी तपासले जात. परीक्षक रुग्णाच्या दोन्ही मनगटांवर, रेडियल धमनीवर येतील असे आपले अंगठे ठेवी आणि उरलेली बोटे मनगटामागे धरी. रुग्णाने दोन्ही मुठी सुमारे एक मिनिट घट्ट आवळायच्या, म्हणजे पंजातील रक्त पिळून निघे. मग परीक्षक अंगठ्यांनी रेडियल धमन्या दाबून बंद करी आणि त्या तशाच दाबलेल्या असताना रुग्ण मुठी अर्धवट उघडी. अल्नर धमनी आणि तळहातातील कमान निरोगी असतील, तर पांढरा पडलेला पंजा लगेच लाल होई. हा लालपणा नेहमीपेक्षा थोडा अधिक असे आणि हळूहळू मूळ रंग परत येई. अल्नर धमनी मनगटापुढे बंद असेल, तर मात्र पंजा बराच वेळ फिकट राही. दोन्ही हात शेजारी असल्यामुळे निरोगी आणि रोगट हातांतील फरक एका दृष्टिक्षेपात दिसे. अल्नर धमनी दाबून हीच कृती केली, तर रेडियल धमनीची परीक्षा होई.

या चाचणीला ना उपकरण लागे, ना खर्च. ती रुग्णाच्या खाटेशेजारी काही मिनिटांत होई. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या चाचणीत ॲलन रोग शोधत होते. ज्याच्या हातात आधीच तक्रारी आहेत, अशा माणसाच्या धमनीत अडथळा आहे का आणि असल्यास कोठे, याचे उत्तर त्यांना हवे होते. निरोगी माणसाची एक धमनी मुद्दाम बंद केली तर पुढे काय होईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

१९५२ मध्ये न्यू यॉर्कमधील वैद्य आयर्व्हिंग राइट यांनी या पद्धतीत बदल सुचविला. त्यांच्या पद्धतीत एका वेळी एकच हात तपासतात. मनगटावरील दोन्ही धमन्या एकाच वेळी दाबतात, रुग्ण मूठ आवळून उघडतो, मग एकाच धमनीवरचा दाब काढून पंजाचा रंग किती वेळात परततो ते पाहतात. आज रुग्णालयांत ॲलन चाचणी म्हणून जी केली जाते, ती बहुतेक वेळा राइट यांनी सुधारलेली ही पद्धत असते.

इतर संशोधन

ॲलन यांचे बरेचसे कार्य रोगांच्या व्याख्या नेमक्या करण्याचे आहे. १९३२ मध्ये ब्राउन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी 'रेनो रोग' कशाला म्हणावे याचे निकष मांडले. थंडीने किंवा भावनिक क्षोभाने बोटे पांढरी-निळी पडणे अनेक कारणांनी घडते. त्यांपैकी ज्यात दोन्ही बाजूंना सारखा त्रास होतो, सडण झाली तरी ती बोटांच्या टोकांच्या त्वचेपुरती मर्यादित राहते, मुळाशी दुसरा कोणताही रोग सापडत नाही आणि लक्षणे किमान दोन वर्षे टिकलेली असतात, त्यालाच रेनो रोग म्हणावे, असे त्यांचे निकष होते. दोन वर्षांच्या अटीमागे कारण होते. आरंभी साध्या रेनो रोगासारखी वाटणारी लक्षणे पुढे एखाद्या गंभीर रोगाची पहिली खूण ठरू शकतात. थांबून पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये, हा त्या अटीचा अर्थ होता.

१९३४ मध्ये त्यांनी हातापायांच्या लसीकाशोफावर, म्हणजे लसीकावाहिन्यांतील अडथळ्यामुळे येणाऱ्या सुजेवर, ३०० रुग्णांच्या आधारे निबंध लिहिला आणि या सुजेचे कारणांनुसार वर्गीकरण केले. १९४० मध्ये एडगर हाइन्स यांच्यासह त्यांनी 'लायपेडिमा' या विकाराचे वर्णन केले. यात कमरेखाली दोन्ही पायांवर चरबी साठते आणि पावले मात्र त्यातून सुटलेली असतात. हा विकार जवळजवळ केवळ स्त्रियांना होतो. १९५१ मध्ये याच विषयावर ११९ रुग्णांच्या आधारे सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा दुसरा निबंध आला. केवळ लठ्ठपणा किंवा खाण्याची हयगय समजून ज्या स्त्रियांना दोष दिला जात असे, त्यांचा त्रास हा वेगळा विकार आहे, हे या लेखनामुळे पुढे आले. त्याकडे वैद्यकीय जगाचे पुरेसे लक्ष जायला मात्र कित्येक दशके लागली.

१९४६ मध्ये ॲलन, नेल्सन बार्कर आणि हाइन्स यांनी मिळून लिहिलेला 'पेरिफेरल व्हॅस्क्युलर डिसीजेस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या रोगांवरील तो प्रमाणग्रंथ मानला गेला. ॲलन यांच्या मृत्यूनंतरही मेयो क्लिनिकमधील पुढच्या पिढीने त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि त्यांच्या शीर्षकात तिन्ही मूळ लेखकांची नावे कायम ठेवली.

गुठळीरोधक औषधे

ॲलन यांच्या कार्याचा दुसरा मोठा भाग गुरांच्या एका रोगाशी जोडलेला आहे. १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशांत गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. ओलीमुळे बुरसटलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खाल्ल्याने हे घडते, असे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखविले. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्याने मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त घेऊन मॅडिसन येथील कृषी रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा गाठली. लिंक यांच्या गटाने काही वर्षांच्या खटपटीनंतर १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे काढले. त्याला पुढे 'डायक्युमेरॉल' हे नाव मिळाले.

जे द्रव्य गुरांना मारते, तेच योग्य मात्रेत माणसाला वाचवू शकेल, अशी शक्यता यातून निर्माण झाली. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी धरून ती फुप्फुसात जाणे, हे त्या काळी अचानक मृत्यूचे एक भीतिदायक कारण होते. रक्त गोठू न देणारे हेपारिन हे औषध उपलब्ध झाले होते, परंतु ते महाग होते आणि टोचूनच द्यावे लागे. पोटात घेता येईल असे स्वस्त औषध हवे होते. मेयो क्लिनिकमध्ये ह्यू बट हे जीवनसत्त्व 'के' आणि रक्तस्राव यांचा अभ्यास करीत होते. त्यांनी, ॲलन यांनी आणि जेसी बोलमन यांनी १९४१ मध्ये बुरसटलेल्या चाऱ्यातून मिळालेल्या या द्रव्याच्या परिणामांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढील वर्षांत ॲलन आणि बार्कर यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर त्याचा वापर करून मात्रा, सुरक्षितता आणि रक्ततपासणीचे नियम ठरविण्याचे काम केले. रक्त गोठण्यास लागणारा वेळ रोज मोजून मात्रा ठरविणे आवश्यक होते. मात्रा कमी झाली तर गुठळी आणि जास्त झाली तर रक्तस्राव, अशी ही दुधारी तलवार होती.

याच काळात न्यू यॉर्कमध्ये राइट हेही या औषधावर काम करीत होते. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयविकाराच्या झटक्यात गुठळीरोधकांचा उपयोग अभ्यासला आणि १९४८ मध्ये पहिल्या ८०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिंक यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले दुसरे द्रव्य, वॉरफरिन, १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५०च्या दशकात माणसांच्या उपचारात वापरले जाऊ लागले. कृत्रिम झडप बसविलेले रुग्ण ते आजही घेतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲलन यांनी अमेरिकी सेनेच्या वैद्यकीय दलात सल्लागार वैद्य म्हणून काम केले. १९५०च्या दशकात ते अमेरिकन हार्ट असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९६० मध्ये लिंक, राइट आणि ॲलन या तिघांना गुठळीरोधक औषधांवरील कार्यासाठी लास्कर पुरस्कार देण्यात आला. ॲलन चाचणी सुधारणारे राइट आणि मूळ चाचणी रचणारे ॲलन असे या निमित्ताने एका व्यासपीठावर आले. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, ॲलन यांचा मृत्यू झाला.

मृत्यूनंतर चाचणीचा बदललेला उपयोग

ॲलन यांच्या मृत्यूनंतर त्यांची चाचणी वेगळ्याच कामाला लागली. मोठ्या शस्त्रक्रियांत आणि अतिदक्षता विभागांत रक्तदाब क्षणोक्षणी मोजण्यासाठी रेडियल धमनीत बारीक नळी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. नळीमुळे ती धमनी बंद पडली तर पंजाचे काय होईल, ही चिंता त्याबरोबर आली. उत्तरासाठी वैद्य ॲलन चाचणीकडे वळले. पंजाचा रंग ठरावीक सेकंदांत परतला तर नळी घालावी, नाही तर घालू नये, असा नियम पाठ्यपुस्तकांत आला.

हृदयाच्या उपचारांत तिचा प्रवेश आणखी नंतर झाला. हृदयाच्या धमन्यांचे चित्र घेण्यासाठी कॅथेटर बहुधा जांघेतील मोठ्या धमनीतून सरकविले जाई. तेथे रक्तस्राव झाला तर तो मांडीत आणि पोटामागे साचून जीवघेणा ठरू शकतो. शिवाय रुग्णाला कित्येक तास पाय न हलविता पडून राहावे लागे. मनगटातील धमनी उथळ असते, हाडावर दाबून रक्त थांबविता येते आणि रुग्ण लवकर उठू शकतो. स्वीडनमध्ये स्टिग रॅडनर यांनी १९४८ मध्येच रेडियल धमनी उघडून महाधमनीपर्यंत नळी नेली होती. १९८९ मध्ये माँट्रियल येथील लुसियाँ कांपो यांनी त्वचेतून सुईने रेडियल धमनीत शिरून १०० रुग्णांच्या हृदयधमन्यांची तपासणी केल्याचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी ८८ जणांत ती यशस्वी झाली. १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील फर्डिनांड किमेनाय यांनी याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. आज भारतातील हृदयरोग केंद्रांतही मनगटातून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करणे सर्वसामान्य झाले आहे.

या नव्या पद्धतीबरोबर ॲलन चाचणी दाराशी उभी राहिली. चाचणी सदोष आली की रुग्णाला जांघेच्या मार्गाकडे वळविले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रायव्हल' या ७०२१ रुग्णांच्या अभ्यासात मनगटाच्या मार्गाने मोठ्या रक्तवाहिनीविषयक गुंतागुंती १.४ टक्के, तर जांघेच्या मार्गाने ३.७ टक्के आढळल्या. २०१५ मधील 'मॅट्रिक्स' या ८४०४ रुग्णांच्या अभ्यासात मनगटाच्या गटात मृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, तर जांघेच्या गटात २.२ टक्के होते. याचा अर्थ असा की, पंजा वाचविण्यासाठी म्हणून एखाद्याला मनगटाचा मार्ग नाकारणे हा निर्णय निरुपद्रवी नव्हता. त्या रुग्णाला रक्तस्रावाचा अधिक धोका पत्करावा लागत होता. त्यामुळे ही चाचणी खरोखर काय सांगते, या प्रश्नाला महत्त्व आले.

चाचणीवरील आक्षेप

चाचणीच्या विश्वसनीयतेवर शंका पूर्वीच घेतली गेली होती. मनगट जास्त मागे वाकविले किंवा बोटे ताणून उघडली, तर धमन्या निरोगी असूनही तळहात फिकट राहतो, हे १९७२ मध्ये दाखविण्यात आले. रंग परतण्याची मुदत कोणी ५ सेकंद धरतो, कोणी १० आणि कोणी १५. रंग परतला की नाही हे पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि उजेडावर अवलंबून राहते. बेशुद्ध किंवा अत्यवस्थ रुग्ण मूठ आवळू शकत नाही. १९८३ मध्ये स्टीफन स्लोगॉफ आणि सहकाऱ्यांनी रेडियल धमनीत नळी घातलेल्या १६९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांची धमनी पुढे बंद झाली, तरी पंजाला रक्त न मिळाल्याने हानी झाल्याचे आढळले नाही. चाचणी सदोष असतानाही नळी घातलेल्या रुग्णांचे हातही सुखरूप राहिले.

२००४ मध्ये क्वेबेक येथील जेराल्ड बार्बो यांनी डोळ्यांऐवजी यंत्राचा आधार घेतला. अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून रेडियल धमनी दाबल्यावर नाडीची लहर टिकते, क्षीण होते, नाहीशी होऊन परतते की परततच नाही, यावरून त्यांनी चार प्रकार केले. १०१० रुग्णांत ॲलन चाचणीने ६.३ टक्के रुग्ण मनगटाच्या मार्गासाठी अयोग्य ठरले, तर बार्बो यांच्या पद्धतीने फक्त १.५ टक्के. २०१४ मध्ये मार्को व्हाल्जिमिली आणि सहकाऱ्यांनी 'रडार' या अभ्यासात २०३ रुग्णांवर, चाचणीचा निकाल चांगला, मध्यम किंवा सदोष असा काहीही असला तरी, मनगटातूनच उपचार केले. अंगठ्याच्या रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच राहिले आणि कोणाच्याही पंजाला रक्ताअभावी इजा झाली नाही. पंजाला रक्त पुरविणाऱ्या लहान-मोठ्या आडवाटा गरज पडताच रुंदावतात. चाचणीच्या काही सेकंदांत त्यांची पूर्ण क्षमता दिसत नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

या पुराव्यामुळे अनेक हृदयरोगतज्ज्ञांनी मनगटातील उपचारांपूर्वी ही चाचणी सक्तीने करणे सोडले आहे. काही जण नोंदीसाठी किंवा सावधगिरी म्हणून ती करतात. बायपास शस्त्रक्रियेत मात्र वेगळी परिस्थिती असते. हृदयाला जोडण्यासाठी रेडियल धमनी हातातून कायमची काढून घेतली जाते. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात सुरू होऊन मागे पडलेली ही पद्धत १९९०च्या दशकात पुन्हा रूढ झाली. तेथे पंजातील रक्तप्रवाह आधी तपासणे आवश्यक मानले जाते. त्यासाठी ॲलन चाचणीच्या जोडीला ध्वनिलहरींची तपासणीही करतात.

दरम्यान चाचणीमागील कल्पना दुसऱ्या दाराने परतली आहे. मनगटातील उपचारानंतर रेडियल धमनी बंद पडू नये, म्हणून मनगटावरचा पट्टा किती घट्ट बांधावा हे ठरविताना अल्नर धमनी दाबून रेडियल धमनीतून रक्त वाहत आहे का, ते पाहतात. २००८ मधील 'प्रॉफेट' या ४३६ रुग्णांच्या अभ्यासात अशी काळजी घेतल्याने दुसऱ्या दिवशी धमनी बंद आढळण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. उपचाराच्या वेळी हेपारिन देणे हा त्यासाठीचा दुसरा उपाय आहे. रोगाने बंद झालेली धमनी शोधण्यासाठी रचलेली रीत येथे धमनी उघडी ठेवण्यासाठी वापरली जाते.

मूल्यमापन

ॲलन यांचे नाव आज मुख्यतः त्यांच्या चाचणीमुळे घेतले जाते. गुठळीरोधक औषधे, रेनो रोगाचे निकष आणि लायपेडिमाचे वर्णन यांच्याशी असलेला त्यांचा संबंध त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असतो. चाचणीवर झालेली टीका बहुतांशी तिच्या पुढच्या उपयोगावर आहे. ज्या प्रश्नासाठी ती रचली गेली, त्या प्रश्नाचे उत्तर ती आजही देते. बोटे काळवंडू लागलेल्या धूम्रपानी तरुणाच्या हातातील धमन्यांची पहिली परीक्षा करताना तिचा उपयोग होतो आणि ब्युर्गर रोगाच्या निदानात तिचा उल्लेख आजही केला जातो. निरोगी हाताचे भविष्य तिने सांगावे, ही अपेक्षा मात्र नंतरच्या पिढीने तिच्यावर लादली होती.